रांग आहे तरी कुठे?

होसे अँतोनियो वर्गास बारा वर्षांचा असताना, १९९३मध्ये, आईने त्याला फिलिपाइन्सहून कॅलिफोर्नियाला आजी-आजोबांकडे पाठवलं. सोळाव्या वर्षी लायसन्ससाठी तो सायकल दामटत परवाना कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी त्याचं ग्रीन कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच सांगितलं, हे खोटं आहे, पुन्हा इथे येऊ नकोस. घरी आजोबा गॅरेजमध्ये कूपनं कापत बसले होते. खरं काय ते नातवाला त्या दिवशी कळलं. पुढे तो नावाजलेला पत्रकार झाला आणि २०११मध्ये त्याने हे स्वतःच जाहीरपणे लिहिलं.

अशा विनाकागद मुलांचा विषय निघाला की, ज्यांचं कुणी अमेरिकेत आहे अशा आपल्या घरांतून हमखास ऐकू येतं, ‘आमचा मुलगा रांगेत उभा राहिला, यांना काय झालं होतं?’ त्यामागचा त्रास मला कळतो. पण या मुलांना उभं राहायला रांगच नाही. ग्रीन कार्डासाठी तिथला जवळचा नातेवाईक किंवा कंपनी पाठीशी लागते, नाहीतर आश्रयासारखं खास कारण. वर्षानुवर्षं तिथे राहिल्याबद्दल ग्रीन कार्ड देणारं एक कलम आहे खरं, पण त्यासाठी १ जानेवारी १९७२च्या आधीपासून अमेरिकेत असावं लागतं. ही तारीख १९८६नंतर पुढे सरकलेलीच नाही.

‘ओबामांनी नागरिकत्व देऊन टाकलं’ हेही खोटं. २०१२च्या ‘डाका’ योजनेने हद्दपारी दोन-दोन वर्षांनी पुढे ढकलली आणि कामाचा परवाना दिला, एवढंच. शिवाय जून २००७पासून सलग अमेरिकेत असल्याची अट आहे, म्हणजे त्यानंतर जन्मलेलं मूल आपोआप बाहेर. नागरिकत्वाची वाट दाखवणारा ‘ड्रीम ॲक्ट’ २००१पासून पुन्हा पुन्हा मांडला गेला. २०१०मध्ये तो प्रतिनिधिगृहात संमत झाला, पण सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, पडली ५५.

लग्न केलं की सुटलं, असंही नाही. चोरवाटेने सीमा ओलांडून आलेल्याला सहसा व्हिसासाठी देशाबाहेर जावं लागतं, आणि वयाच्या अठरानंतर वर्षभराहून जास्त विनाकागद राहिलेला बाहेर पडला की दहा वर्षांची बंदी लागू शकते. माफी मिळते, पण तिचा भरवसा नाही. करांचं म्हणाल, तर अनेकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, जिचं पेन्शन त्यांना मिळण्याची शक्यता फारच कमी.

आणि रांगेचं सांगायचं तर आपल्याच मुलांचं बघा. एच-१बीवर गेलेल्या आईबापांबरोबर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गेलेलं मूल तिथेच वाढतं. भारतीयांची रांग दशकांची. मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बहुतेक वेळा गळतं. मग विद्यार्थी व्हिसा शोधा, नाहीतर ज्या देशाची आठवणही नाही तिथे परता. ‘डाका’तही अशा मुलांना जागा मिळाली नाही, कारण योजना जाहीर झाली त्या दिवशी, १५ जून २०१२ रोजी, त्यांचे कागद चोख होते.