आजोबांच्या मागचं इंजिन

स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी धावली त्याला २७ सप्टेंबर २०२५ रोजी दोनशे वर्षं झाली. ब्रिटनमध्ये त्यानिमित्त वर्षभर जे चाललं त्याच्या बातम्या येऊन गेल्या, तेव्हा स्टीफन्सन आणि वाफेची उजळणी इथे करत नाही. अशा सोहळ्यांचा एक आडफायदा मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. लोक माळ्यावरची खोकी खाली काढतात. खोक्यात फोटो निघतात: टोपी घातलेले आजोबा इंजिनाला टेकून उभे, समुद्रकिनारी सहलीला निघालेलं अख्खं कुटुंब फलाटावर, मागे अर्धाच डबा. पाठीवर पेन्सिलीने एखादं नाव, फार तर साल. मग तो फोटो जाणकारांपुढे ठेवला जातो. ही गाडी कुठली?

उत्तर बऱ्याचदा चकित व्हावं इतक्या लवकर येतं. याचं श्रेय काही अंशी एका कारकुनाला जातं. १९४२ साली, ऐन युद्धात, सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूच्या कचेरीत इयन ॲलन नावाचा विशीतला तरुण इंजिनांबद्दलच्या त्याच त्या चौकशांना उत्तरं देऊन कंटाळला आणि त्याने कंपनीच्या इंजिनांची यादीच छापून टाकली. दोन हजार प्रती हातोहात संपल्या. बाकीच्या कंपन्यांच्या याद्या मागोमाग आल्या. पुढची पंचवीस वर्षं ब्रिटनमधली शाळकरी पोरं फलाटाच्या टोकाला उभी राहून दिसलेल्या नंबरावर रेघ मारत होती. त्या वेडामुळे आज जवळपास प्रत्येक इंजिनाची कुंडली उपलब्ध आहे: कुठल्या कारखान्यात जन्म, कुठल्या शेडमध्ये मुक्काम, भंगारात कधी.

कुंडली उघडायची ती नंबरावरून. १९२३ च्या सुरुवातीला शंभराहून अधिक कंपन्या चार बड्या कंपन्यांत विलीन झाल्या: एलएमएस, एलएनईआर, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला या चौघींचंही राष्ट्रीयीकरण झालं आणि एकच नंबर तीन-चार इंजिनांवर, असा घोळ उभा राहिला. तोडगा सरकारी असूनही सोपा निघाला. सदर्नच्या बहुतेक नंबरांत तीस हजार मिळवले, एलएमएसच्या चाळीस हजार, एलएनईआरच्या साठ हजार. ग्रेट वेस्टर्नचे नंबर तसेच राहिले, कारण ते ओतीव पितळी पाट्यांवर होते आणि त्या बदलत बसणं खर्चाचं होतं. म्हणून इंजिनावर ४६ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर दिसला की फोटो १९४८ नंतरचा, मूळ घराणं एलएमएस. हा तोडगा ठरेपर्यंतच्या काही आठवड्यांत जुन्याच नंबराआधी एम किंवा ई असं अक्षर लावलं जात होतं. तसं इंजिन घरच्या फोटोत सापडलं तर १९४८ च्या आसपासचा अंदाज बांधता येतो.

नंबर झाकला असेल तर सिंह पाहावा. राष्ट्रीयीकरणानंतरच्या ब्रिटिश रेल्वेजने १९५० च्या सुमारास टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवर, चाकावर उभा असलेला एक सडपातळ सिंह आणला. पोरांनी त्याला एकचाकी सायकल चालवणारा सिंह ठरवलं. १९५६ मध्ये नवं चिन्ह आलं, त्यात मुकुटातून वर आलेल्या सिंहाने पंजात चाक धरलेलं. रेल्वेला वाटलं, सिंह इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढेच बघणारा हवा, म्हणून एका बाजूला त्याचं तोंड उजवीकडे केलं. राजचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सला हे खपलं नाही: मंजुरी डावीकडे बघणाऱ्या सिंहालाच होती. थोड्याच काळात उजवीकडे बघणारे सिंह रंगवणं बंद झालं. एवढ्याशा मानापमानामुळे आज एखाद्या आजीबाईच्या लग्नाआधीच्या फोटोचा काळ ठरतो, याची मला भारी गंमत वाटते.

आता जरा थांबून एकच इंजिन पाहू, कारण घरोघरच्या अल्बममध्ये ते हमखास असतं आणि हमखास चुकीच्या सालाखाली असतं. फ्लाइंग स्कॉट्समन. १९२३ मध्ये डॉनकास्टरला बांधलं तेव्हा त्याचा नंबर १४७२ होता. १९२४ मध्ये वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते ४४७२ होऊन मिरवलं. १९४६ मध्ये एलएनईआरने सगळ्यांचे नंबर नव्याने पाडले, तेव्हा आधी ५०२, मग काही महिन्यांत १०३. राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. इथवर सगळं सरळ. पण १९६३ मध्ये ॲलन पेगलर या उद्योजकाने ते विकत घेतलं, जुन्या हिरव्या रंगात रंगवलं आणि पुन्हा ४४७२ लिहिलं. म्हणजे ‘बाबा आणि फ्लाइंग स्कॉट्समन’ या फोटोत नंबर ४४७२ असेल तर बाबा १९३५ चेही असू शकतात आणि १९६५ चेही. जाणकार मग बॉयलरवरचा घुमट न्याहाळतात, कारण १९४७ मध्ये बॉयलर बदलला होता. मागे दोन टेंडर जोडलेले दिसले तर वादच मिटला: दुसरा टेंडर १९६६ मध्ये आला, वाफेच्या इंजिनांना जागोजागी पाणी मिळेनासं झालं म्हणून.

नंबर सरळसरळ खोटं बोलतो अशीही उदाहरणं आहेत. १९३९ मध्ये एलएमएसने ‘कॉरोनेशन’ हे इंजिन अमेरिकेला दिमाखात पाठवलं. प्रत्यक्षात गेलं ते ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’, ६२२० चं नाव-नंबर लावून, आणि खरं ‘कॉरोनेशन’ मायदेशी ६२२९ म्हणून राबत राहिलं. १९३३ मध्ये ‘रॉयल स्कॉट’च्या नावावरही हाच प्रयोग झाला होता. कंपन्यांना लाज नव्हती आणि पोरांच्या वह्यांत चुकीच्या रेघा पडल्या.

म्हणून माझा सल्ला, इंजिनावरून नजर काढून कडेला न्या. मागे मोटार उभी असेल आणि तिच्या नंबराच्या शेवटी एकटं अक्षर असेल तर फोटो बहुधा १९६३ च्या आधीचा नाही, कारण वर्षाचं अक्षर तेव्हापासून लागलं. फलाटावर स्टेशनचं नावच नसेल तर युद्धाचा संशय घ्यावा: शत्रूची फौज उतरलीच तर तिला गाव कळू नये म्हणून १९४० मध्ये पाट्या काढल्या होत्या. लोकांचे कपडे तर पाहायलाच हवेत. १९७५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टनच्या दीडशेव्या वर्षी शिल्डनला जुन्या इंजिनांची मिरवणूक निघाली, त्यातली काही व्हिक्टोरियाकालीन थाटात रंगवलेली. कृष्णधवल प्रत असेल तर इंजिन १८८० चं वाटतं. शेजारच्या काकांची बेल-बॉटम मात्र लपत नाही.

कडेला पाहण्याचं आणखी एक कारण आहे. रेल्वेवेड्या छायाचित्रकारांची एक शिस्त होती: ऊन पाठीशी, इंजिन तिरकं, चाकं आणि नंबर स्वच्छ, आणि मधे माणूस नको. घरच्या फोटोत नेमकं उलट. माणूस मधे, इंजिन कापलेलं. त्यामुळे वेड्यांनी जे टाळलं ते घरच्यांनी नकळत टिपलं: सामानाच्या हातगाड्या, डब्यांच्या दारांच्या मुठी, कोळशाने माखलेले मदतनीस, ब्लॅकपूलला निघालेल्या गिरणी कामगारांच्या सुट्टीची गर्दी. रेल्वेवेड्यांत अपवाद म्हणून एरिक ट्रेसी यांचं नाव घ्यावं लागेल. लिव्हरपूलच्या एज हिल भागात ते धर्मगुरू होते, पुढे वेकफिल्डचे बिशप झाले. एज हिलच्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींशी त्यांची इतकी दोस्ती की बिशपसाहेब रुळाकाठी कॅमेरा घेऊन दिसले की इंजिनातून खास धूर सोडला जाई. १९७८ मध्ये ॲपलबी स्टेशनवर वाफेच्या गाडीची वाट पाहताना त्यांचा मृत्यू झाला.

काही ब्रिटिश अल्बममधले फोटो ब्रिटनचे नसतातच. इंजिनापुढे गुरं बाजूला सारायची जाळी आणि भलामोठा दिवा असेल, रूळ जरा जास्तच रुंद वाटत असतील, तर इंजिन ग्लासगोचं असलं तरी फोटो आपल्याकडचा असण्याची शक्यता दाट. १९४७ नंतर भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींतली अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंडला गेली, तेव्हा सामानात अल्बमही गेले. तिथल्या जाणकाराला साडेपाच फुटी रुळावरच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) इंजिनाशी फारसं देणंघेणं नसतं. इथे मध्य रेल्वेत चाळीस वर्षं काढलेला एखादा निवृत्त माणूस घाटातलं वळण पाहून जागा सांगेल. ही गाठ घालून द्यायला कोणी पुढे आलं तर बरं.

राहता राहिलं रंग भरून देणाऱ्या यंत्रांचं कौतुक. मला ते सहन होत नाही. जुन्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे मिडलंड रेल्वेचं किरमिजी इंजिन फोटोत काळंच उतरतं. यंत्र ते इमानेइतबारे काळं रंगवतं. पुसट नंबर ‘सुधारून’ देताना तर ते तिनाचा आठ सहज करेल, आणि पुढचा माणूस त्या आठाची कुंडली काढत बसेल. फोटो द्यायचाच तर आहे तसा द्या, कडा न कापता, मागची बाजूही स्कॅन करून. मागे पोस्टकार्डासारखी मधोमध रेघ असेल तर ब्रिटनमध्ये ते १९०२ किंवा नंतरचं. आणि छापील पोस्टकार्ड निघालं तर ते आजोबांनी काढलं असं गृहीत धरू नका. इंजिनांची कार्डं तेव्हा दुकानात विकत मिळत. छपाई आजोबांच्या खोक्यात असली तरी हक्क सहसा छायाचित्रकाराचा असतो. तो कोण हे शोधूनही कळलं नाही तर तिथे अनाथ कृतींसाठी २०१४ पासून सरकारी परवाना मिळतो.

एवढं करून इंजिनाचं नाव लागतं. त्याच्या पायरीवर तेलाचा डबा घेऊन उभा असलेला माणूस कोण, हे विचारणारे फार थोडे, आणि त्याच्यासाठी शिलिंगभराची यादी कोणी छापली नाही. त्याचा माग काढायचा तर लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या कंपन्यांच्या नोकरवह्या आहेत. त्यांत भरतीची तारीख, पगार, बदली आणि बढतीसोबत दंडही लिहिलेले असतात. बेशिस्त माणसाचं पान जास्त भरलेलं सापडतं.