काटा हलतो का?

पोर्शे ९४४ ही जर्मन स्पोर्ट्‌स कार १९८२ ते १९९१ या काळातली. तिच्या मालकांचे एक रडगाणे ठरलेले: स्टार्टर इंजिन फिरवतो, पण गाडी सुरू होत नाही. मग महागडे सुटे भाग बदलण्याचा सपाटा! (बँकेत ताळा जुळेना की आम्हीही आधी मोठ्याच रकमांवर संशय घ्यायचो.)

स्टार्टर फिरताना आधी आरपीएमचा काटा बघावा. तो थरथरला, तर फ्लायव्हीलजवळचा सेन्सर जिवंत आहे. मग पेट्रोल पोचते का ते पाहावे. काटा निपचित असेल, तर संशय सेन्सरवर किंवा रिलेवर. हा छोटासा रिलेच पेट्रोल पंपाला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही वीज देतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या आतल्या डाखाला केसाएवढी चीर जाते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दोन्ही वेळा आधी रिले बदलून बघावा. जाणते मालक तर जादा रिले गाडीतच ठेवतात.