झाडांनी सांगितलेली औषधं

इंडोनेशियातल्या बालीत ताडपत्रावर लिहिलेली एक वैद्यकाची पोथी आहे. तिच्यात रोग्याला उपाय सांगतात ती झाडंच! ‘तरु प्रमाण’ हे तिचं नाव. कथा अशी की, म्पू कुतुरान नावाच्या थोर वैद्याच्या हाताचा गुण एकाएकी गेला. रोगी बरे होईनात, तेव्हा तो स्मशानात तप करायला बसला. दुर्गा प्रसन्न झाली आणि तिनं त्याला झाडांची बोली समजण्याचं वरदान दिलं. मग एकेक झाड पुढे येऊन सांगू लागलं: मी उष्ण, मी शीत, मी मधल्या गुणाचं, माझं मूळ यावर चालतं, पान त्यावर. अशी दीडशेहून अधिक झाडं त्या पोथीत बोलतात.

बालीतले वैद्य, म्हणजे ‘बालियान’, आजही पाल्याचा रस प्यायला देतात, त्याला ‘लोलोह’ म्हणतात. अंगाला चोपडायचा लेप म्हणजे ‘बोरेह’. पेंगलिपुरान गावचा चेमचेमच्या पानांचा आंबटगोड लोलोह तर आता बाटल्यांत भरून विकला जातो. हे चेमचेम म्हणजे कोकण-गोव्यात ज्याचं सासव करतात तो आपला अंबाडाच.

पण झाडच तुटलं तर ते बोलणार कुठून? तेंगानान पेग्रिंगसिंगान या गावानं याचं उत्तर कायद्यात घालून ठेवलं आहे. गावाचे रूढ नियम, ‘आविग-आविग’, 1841 च्या आगीत जळाले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लिहून काढले गेले. फणस, चाफ्याच्या जातीतलं चेंपाका यांसारखी झाडं जिवंत असेपर्यंत तोडायची नाहीत, मग जमीन तुमच्या स्वतःच्या मालकीची का असेना. दुरियान किंवा टिंगकिहचं फळ झाडावरून काढायचं नाही. ते आपोआप खाली पडू द्यायचं. नियम मोडला तर दंड.

यातलं टिंगकिह जरा जवळून पाहण्याजोगं आहे. हे जंगली अक्रोडाचं झाड. त्याच्या तेलात सूत भिजवून तेंगानानच्या बायका ‘गेरिंगसिंग’ नावाचं कापड विणतात. ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवायचे, अगदी पाटणच्या पटोल्यासारखे. हे कापड रोगराई दूर ठेवतं, अशी तिथली श्रद्धा. आणि ताडपत्रावर सुरीनं कोरलेली अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत जी काजळी चोळतात, तीही याच बिया जाळून केलेली. झाडांचं बोलणं टिपून ठेवणारी शाईसुद्धा झाडाचीच! मला तरी याहून सुंदर गोष्ट ठाऊक नाही.

बालीत दर 210 दिवसांनी तुंपेक वारिगा हा झाडांचा सण येतो. त्या दिवशी झाडाला खीर वाहतात, बुंध्यावर टकटक करतात आणि आजोबांना सांगावं तसं त्याला सांगतात, की पंचवीस दिवसांनी गालुंगानचा सण आहे, भरपूर फळं दे.

गावाचा नियम चालायला जंगलावर गावाचा शब्दही चालावा लागतो. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानं 2013 मध्ये निकाल दिला, की रूढीनं समाजाचं असलेलं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. बालीतल्या तांब्लिंगान सरोवराकाठचं ‘आलास मेर्ताजाती’ हे जंगल चार गावं पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानत आली आहेत. तिथून झिरपणाऱ्या पाण्यावर खालची शेतं पिकतात. ते रूढीचं जंगल म्हणून मान्य व्हावं, अशी मागणी या गावांनी लावून धरली. ती न्याय्य आहे.