माळढोकाचं गोत

सोलापूर, विजापूर, कोल्हापूरकडच्या जुन्या घरी हेळवी येतो, चोपडी उघडतो आणि कित्येक पिढ्यांची नावं वाचून दाखवतो. खापरपणजोबा कोण, त्यांचे भाऊ कोण, कुठली शाखा कुठल्या गावी जाऊन राहिली, सगळं नावानिशी. जीवशास्त्रज्ञ ज्याला क्लॅडोग्राम म्हणतात, त्या सजीवांच्या वंशावळीत पूर्वजांची नावं मात्र नसतात. टोकांना जाती आणि मध्ये नुसते फाटे. इथे एक समाईक पूर्वज होता, एवढंच प्रत्येक फाटा सांगतो.

ही वंशावळ मांडायची शिस्त विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं घालून दिली. १९४५ साली इटलीत ब्रिटिशांच्या युद्धकैदेत असताना त्यानं आपल्या ग्रंथाचा कच्चा खर्डा लिहायला घेतला. १९५० साली तो जर्मनमध्ये छापला गेला आणि १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीनंतर जगभर वाचला गेला. हेनिगचं सांगणं असं, की सारखेपणा दिसला म्हणून नातं जोडू नका, तो सारखेपणा कुठून आला ते आधी पाहा. चार पाय आणि अंगावर खवले तर जवळजवळ सगळ्याच सरड्यांना असतात, त्यावरून कोण कोणाच्या जवळचा हे कळत नाही. वाटेत कधीतरी नव्यानं आलेला, मोजक्या जातींनीच वाटून घेतलेला गुण हा खरा पुरावा.

दख्खनच्या माळावरच्याच प्राण्यांवर हे करून पाहता येतं. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, एखाद्या धोंड्यावर चढून गळ्याखालची पाळी पंख्यासारखी उघडझाप करणारा छोटा सरडा अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या मागच्या पायाची बोटं मोजली तर चारच भरतात. कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याला पाच असतात, पण असा पंखा नसतो. श्रीलंकेच्या जंगलातल्या ओटोक्रिप्टिस या सरड्याच्या नराला पंखा आहे, बोटं मात्र पाच. आता मांडणी करा. कुंपणावरचा सरडा तुलनेसाठी बाहेर ठेवायचा. पंखा आला तिथे पहिला फाटा, पाचवं बोट गेलं तिथे दुसरा. म्हणजे चार बोटांचे सगळे एका फांदीवर आणि ओटोक्रिप्टिस त्यांच्या शेजारच्या. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या चार बोटांच्या फांदीचा डीएनए तपासला, तेव्हा तीही दोन ठळक शाखांत फुटली. एका शाखेकडे सिटाना हे जुनं नाव राहिलं, ते क्युव्हिएनं १८२९ साली दिलेलं. दुसरीसाठी नवी प्रजाती करावी लागली आणि तिचं नाव ठेवलं गेलं ‘सरडा’, आपल्या मराठीतलंच. त्याच लेखात पाच नव्या जातीही जगापुढे आल्या. आपल्या पायाखालच्या माळाचं हे एवढं गोत २०१६ पर्यंत कुणी नीट मांडलंच नव्हतं, याचं मला फार नवल वाटतं.

बोटं मोजून दर वेळी काम भागत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्याच्या पायाला तीनच बोटं, मागचं बोट नाही. त्याच माळावर तुरुतुरु पळणाऱ्या धाविकालाही तीनच. मग हे दोघे भाऊबंद का? नाही. धाविक पाणथळीच्या टिटव्या-कुरव पक्ष्यांच्या गणातला आहे. उघड्या जमिनीवर पळण्याच्या सवयीत दोघांचंही मागचं बोट स्वतंत्रपणे गेलं. म्हणून एकाच गुणावर विसंबायचं नसतं. हाडं, पिसं, अंडी, डीएनए असे शेकडो-हजारो गुण एकत्र घ्यायचे आणि कमीत कमी बदल गृहीत धरून जी मांडणी जुळते तिच्याकडे कल द्यायचा, ही यातली सर्वांत सोपी रीत. काम केवढं आहे पाहा. दोन-दोन फाट्यांची मांडणी करायची तर चार जातींसाठी १५ शक्यता असतात. दहा जाती घेतल्या की ३ कोटी ४४ लाखांच्या वर जातात. संगणकाशिवाय हे होत नाही.

या रीतीनं निघालेल्या नात्यांपैकी मला सर्वांत आवडतं ते उजनीच्या पाण्यावरचं. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला गर्दी लोटते. लांब पायांमुळे कुणी त्याला बगळे-करकोच्यांत बसवलं, पडद्याच्या पायांमुळे कुणी बदकांत. २००१ साली रेणवीय पुराव्यानं त्याचा जवळचा नातेवाईक दाखवला तो निघाला टिबुकली. चिंचोळ्या चोचीची, आखूड पायांची, सारखी बुड्या मारणारी, गावतळ्यातली टिबुकली! पुढे गेराल्ड मायर यांनी २००४ साली हाडांतही तेच नातं दाखवलं. दोघांच्या अंड्यांच्या कवचावर खडूसारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर असतो, तोही या नात्याची साक्ष देतो. दोघे एकाच जलाशयावर शेजारी शेजारी पोहत होते आणि नातं ध्यानात यायला एवढा काळ गेला.

माळढोकाचंही असंच झालं. त्याला वर्षानुवर्षं सारस आणि पाणकोंबड्यांच्या गणात ठेवलं होतं. उंच मान, लांब पाय, जमिनीवरची चाल यांमुळे ते पटतही होतं. डिसेंबर २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचांवरून नवा वृक्ष मांडला गेला. माळढोकाच्या कुळातून त्यात हुबारा होता, थंडीत कच्छ-राजस्थानात उतरणारा. त्याच्या जवळ आले कोकिळा आणि आफ्रिकेतले टुराको. आज माळढोक-कुळाचा गण स्वतंत्र मानतात. या तिघांत आधी कोण फुटलं यावर मात्र अजून वाद आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. फार जुन्या काळात, थोड्याच अवधीत फुटलेल्या फांद्यांचा क्रम लावणं सगळ्यांत अवघड.

हा वृक्ष वाचताना एक पथ्य पाळायला हवं. कागदावर डावीकडून उजवीकडे जो क्रम दिसतो त्याला अर्थ नसतो. फाट्यापाशी फांदी फिरवून टोकांची अदलाबदल केली तरी नातं तेच राहतं. उजवीकडचं ते ‘पुढारलेलं’ ही समजूत शाळेच्या वर्गातच खोडून काढायला हवी. सोलापूरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना तर माळ दारातच आहे. बेडूक, सरडा, लांडगा, काळवीट, धाविक, माळढोक एवढ्यांचा गुणतक्ता त्यांनी स्वतः मांडावा, फाटे स्वतः काढावेत. परक्या देशांतल्या प्राण्यांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त शिकणं आहे.

माळढोकाची फांदी आता फार बारीक उरली आहे. त्याच्या प्रजातीत जगात चारच जाती आहेत. कोरी आफ्रिकेत, दुसरी अरबस्तान आणि आफ्रिकेत, तिसरी ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीत आणि चौथा आपला. निसर्गात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपासच सांगितले जातात आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. मादी एका हंगामात बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९७९ साली झालेलं नान्नजचं अभयारण्य कागदोपत्री ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. आज तिथे माळढोक दिसणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत भारतीय वन्यजीव संस्थेच्या देखरेखीखाली त्यांची पिल्लं वाढवली जात आहेत. त्यांची पुढची पिढी मोकळी सोडायची तर विजेच्या तारांचं जाळं नसलेला गवताळ माळ लागेल. तो सोलापूरनं राखावा, नान्नजचं गवत नांगराखाली आणि तारांखाली जाऊ देऊ नये, ही मागणी आपण आजच लावून धरायला हवी.