टांगू की वाळू घालू?

आमच्या भिलाईच्या क्वार्टरमागे दोन खांबांमध्ये तार ओढलेली आहे. दर उन्हाळ्यात तिथेच आमच्या घरातलं भाषेचं भांडण पेटतं. नात बादलीतून ओला टॉवेल काढते आणि विचारते, "आजी, हे टांगून देऊ का?" वर्ध्याकडची आजी लगेच कळवळते, "टांगतेस कशाला बाई? वाळू घाल."

आपलं काय चुकलं, हे पोरीला कळत नाही. शेजारी हिंदीत सगळे कपडे टांगतातच. कामाला येणारी बाई छत्तीसगढीत ‘ओरमा दे’ म्हणते. शाळेतल्या इंग्रजीत तर एकच ‘हँग’ सगळीकडे चालतो, मग तो टॉवेल असो, तसबीर असो की फासावरचा कैदी. नाही म्हणायला कैद्यापुरतं त्याचं भूतकाळी रूप वेगळं होतं, तेवढंच.

या ‘हँग’ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलं की पंचाईत होते. कॅलेंडर आपण भिंतीला लावतो, पाळणा बांधतो, छत्री खुंटीला अडकवतो, दाराला तोरण बांधतो, कपडे वाळत घालतो (आजीच्या वऱ्हाडी वळणात ‘वाळू’), गुन्हेगाराला फाशी देतो. आणि फोन? तो ठेवतो. इंग्रजांचा जुना फोन भिंतीवरच्या आकड्याला अडकवायचा असे, म्हणून ते तो ‘हँग अप’ करतात. वस्तू कुठे आहे, हे इंग्रजी बघते. ती तिथे कशासाठी ठेवली, हे मराठी विचारते. टॉवेल लोंबतोय हे खरं, पण आजीच्या लेखी तो वाळतोय.

मराठीत बिनशर्त टांगायची वस्तू म्हणजे शिंकं. सुंभाची नाहीतर काथ्याची तीन-चार पदरी जाळी, मध्ये बसतील अशी उतरंडीची दोन मडकी, खालच्यात दूध, वरच्यात दही, आणि सगळं आढ्याच्या तुळईला टांगलेलं. मांजराची उडी पोचू नये, मुंगीला वाट सापडू नये, वारा मात्र चहूबाजूंनी लागावा. शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावतं, ते यामुळेच. छत्तीसगढी घरात हाच प्रकार ‘सींका’ नावाने नांदत होता. आमच्या क्वार्टरला मात्र तुळई नाही, स्लॅब आहे, आणि स्लॅबला एकच आकडा, तोही पंख्याचा. आजीने आणलेल्या शिंक्यात आता व्हरांड्यात मनी प्लँटची कुंडी आहे.

शिंकं सोडलं तर ‘टांगणे’ या शब्दाला मराठीत बरा वास नाही. अब्रू वेशीला टांगतात, अभ्यास खुंटीला टांगतात, निकालाच्या आदल्या रात्री जीव टांगणीला लागतो, डोक्यावर तलवार टांगती असते. हिंदीतल्या ‘टांगना’ला हे ओझं नाही. म्हणून नातीच्या तोंडून ‘टॉवेल टांगते’ ऐकलं की आजीला त्या टॉवेलचं काहीतरी वाईट झाल्यासारखं वाटतं.

खरी गंमत कचेरीत आहे. संस्कृतातला ‘लंब्’ हा धातू लोंबण्याचा. त्यातूनच आपलं ‘लोंबणे’ आलं, लंबोदर आला, घड्याळाचा लंबक आला. जे लोंबत राहतं ते प्रलंबित. ज्याला कामावरून काढलंही नाही आणि ठेवलंही नाही तो निलंबित. जो दुसऱ्याला धरून लोंबतो तो अवलंबून. आता इंग्रजीकडे बघा: पेंड्युलम, पेंडिंग, सस्पेंड, डिपेंड. हे चारही शब्द लॅटिनमधल्या लोंबण्याच्या एकाच क्रियापदातून निघाले. दोन भाषा, दोन वेगळे धातू, आणि कारकुनी मात्र तंतोतंत सारखी! त्या लॅटिन शब्दाचं जुळं भावंड म्हणजे तराजूला टांगून तोलणं. पूर्वी पैसे मोजून नव्हे, चांदी तोलून देत, म्हणून त्यातूनच देणं चुकवण्याचा अर्थ आला आणि त्या वाटेने आली ‘पेन्शन’. निवृत्तांच्या आमच्या या गावात संध्याकाळच्या गप्पांचा निम्मा वेळ हा शब्द खातो, हे जाता जाता.

या गावाचा स्वतःचाही एक ‘हँग’ आहे, आणि तो कुठल्याच घरगुती यादीत सापडत नाही. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 1955 साली करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. भट्टीला वरून खाऊ घालतात: दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, कोक. खालून गरम हवेचा झोत. कोक जळत जातो, लोखंड वितळून तळाला साठतं, आणि वरचा ढीग आपल्याच वजनाने हळूहळू खाली सरकत राहतो. कधीकधी तो सरकत नाही. माल एकमेकांत अडकून मध्येच कमान धरतो, कमानीखाली पोकळी वाढत जाते, आणि शेकडो टन ऐवज कशालाही न बांधता अधांतरी उभा राहतो. यालाच भट्टीवाले ‘फर्नेस हँग झाली’ म्हणतात. कमान अचानक ढासळली तर ती ‘स्लिप’. भट्टीत दाब उसळतो, वरून धुळीचा लोट उठतो. तशी वेळ येऊ नये म्हणून झोत कमी करतात. खालचा रेटा ओसरला की माल आपसूक बसतो. इथे ना टांगणे चालतं, ना लटकणे. कारण टांगलेल्या वस्तूला वर आकडा लागतो आणि इथे आकडाच नाही. माझ्या मते ‘अडून राहणे’ त्यातल्या त्यात जवळचं, पण फर्नेसवर आयुष्य काढलेला मराठी माणूसही घरी येऊन ‘हँग’च म्हणतो.

आमच्या शेजारचे काका असेच निवृत्त भट्टीवाले. परवा नात त्यांच्याकडे मोबाइल घेऊन गेली. "काका, हँग झालाय."

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "हवा कमी करून बघितलीस का?"