दातांचे पारदर्शक रिटेनर कसे बनते?

तारा काढल्यावर नातवंडांना दातांवर बसवायला पारदर्शक रिटेनर मिळते. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून लॅबमध्ये प्लास्टरचे दात ओततात. साधारण 1 मिलिमीटर जाडीची प्लास्टिक शीट तापवून मऊ करतात आणि हवेच्या दाबाने त्यावर बसवतात. ताणताना शीट पातळ होते. म्हणून खेळाडूंच्या माउथगार्डसाठी 3-4 मिलिमीटरची मऊ शीट घेतात.

आता आपल्या कामाचे. रिटेनरसाठी सर्रास वापरले जाणारे पीईटीजी प्लास्टिक सुमारे 80 अंशांना मऊ पडते. निर्जंतुक करायचे म्हणून उकळत्या पाण्यात टाकलेत, तर आकार गेलाच! आदिलाबादच्या मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीतही नको. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वाकडे झालेले रिटेनर घरी सरळ करू नका. दात पुन्हा सरकण्याआधीच डॉक्टरांकडे जाऊन नवे माप द्या.