उंचावरचं गाव – लेखांक ११ : माळ की महाल?

शकुंतला रेल्वे आज सुटत नाही. मागच्या हप्त्यात तुम्हाला फलाटावर आणून बसवलं होतं, हे मला आठवतंय. पण मंगळवारी दारव्ह्याहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं. गुरुजी लिहितात, ‘दहा हप्ते झाले, तुम्ही गावाच्या उंचीचं कौतुक करीत आहात. मग यवतमाळ म्हणजे यवतचा माळ, हे एकदाचे सांगून का टाकीत नाही?’ पत्त्याच्या बाजूला बाण काढून आणखी एक ओळ : ‘उत्तर सरळ द्यावे.’

सरळ उत्तर असं की, नाही. यवतमाळातल्या ‘माळ’चा माळाशी काही संबंध नाही.

गुरुजींचा दोष नाही. धामणगावहून येताना बाभुळगाव मागे पडलं की बस कण्हायला लागते, वर आलं की वारा बदलतो, आणि माणूस मनात म्हणतो, आलं बुवा माळावरचं गाव. १,४७६ फूट उंची जुन्या गॅझेटियरातच दिली आहे. गाव खरोखर उंचावर आहे, म्हणून तर या लेखमालेला हे नाव दिलं. नावाचा अर्थ आणि गावाची जागा इतकी चपखल जुळली की कोणी आणखी खोलात जात नाही. मीही बरीच वर्षं गेलो नव्हतो. पण एक गोष्ट खटकायची. आपल्याकडे मुरमाड, उंच, पीक न धरणाऱ्या जमिनीला ‘बरड’ म्हणतात. माळ, माळरान ही घाटाकडची बोली. गाव इथल्या लोकांनी वसवलं, मग नाव ठेवताना तिकडचा शब्द उसना कशाला आणतील?

१९०८ सालच्या इंपिरियल गॅझेटियरात याचा उलगडा चार ओळींत केला आहे. गावाचं जुनं नाव येवता किंवा येवत. पुढचं ‘माल’ म्हणजे महाल या शब्दाचं झिजलेलं रूप. महाल म्हणजे राजवाडा नव्हे, महसुलाचा परगणा. सुभ्याखाली सरकार आणि सरकाराखाली महाल, अशी मोगलांची उतरंड होती. आजच्या भाषेत सरकार म्हणजे जिल्हा आणि महाल म्हणजे साधारण तालुका. गुजरातेतला पंचमहाल जिल्हा अशाच पाच महालांचा, आणि मुंबई इलाख्यातल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांत भेटणारा ‘महालकरी’ याच शब्दाच्या पोटचा. थोडक्यात, आपल्या गावाच्या नावात दगडधोंडे नाहीत, कचेरी आहे.

१५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड अकबराच्या हवाली केला. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या महालांची यादी आहे, त्यात आपलं गाव ‘योत-लोहारा’ या नावाने येतं. गॅझेटियरवाले म्हणतात, योत हा येवतचा फारसी अपभ्रंश. इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. अपभ्रंश कसला? फारसीत ‘वाव’ नावाचं एकच अक्षर व, ऊ आणि ओ या तिघांचं काम करतं, आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहितच नाहीत. य, वाव, त अशी तीन अक्षरं एकापुढे एक मांडा. यवतचा माणूस ती ‘यवत’ वाचेल, दिल्लीचा कारकून ‘योत’ वाचेल. बिचाऱ्या लिहिणाऱ्याने नाव बरोबरच लिहिलं होतं, चुकलं ते वाचणाऱ्याचं. पुढे साहेबाने रोमन लिपीत वाय-ई-ओ-टी असं स्पेलिंग केलं, त्यातला तो मधला ‘ओ’ मला याच वावाचा नातू वाटतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आहेत. त्यांवरच्या गोल शिक्क्यात ते स्पेलिंग आहे आणि खाली पाठवणाऱ्याच्या वळणदार अक्षरात ‘येवतमाळ’. एकाच पाकिटावर दोन उच्चार, आणि पत्र तरी बरोबर पोचलेलं.

जोडीला लोहारा का? येवता नावाची गावं वऱ्हाडात आणखीही आहेत. नुसतं येवता म्हटलं तर कुठलं, हा घोळ. म्हणून शेजारच्या ओळखीच्या गावाचा हात धरायचा, ही आपली जुनीच रीत. नेर-परसोपंत आपल्याच जिल्ह्यातलं, अंजनगाव-सुर्जी शेजारच्या. तसंच यवत-लोहारा. लोहारा यवतमाळच्या पश्चिमेला तीन मैलांवर, असं गॅझेटियर सांगतं. आता ते तीन मैल शोधावे लागतात, कारण दारव्हा रोडने यवतमाळ केव्हा संपलं आणि लोहारा केव्हा लागला हे कळतच नाही.

परवा मुद्दाम लोहाऱ्याला गेलो. कमलेश्वराच्या हेमाडपंती देवळाशी टेकलो. चुन्याशिवाय रचलेले काळे दगड, सांध्यांत पावसाने उगवलेलं शेवाळ. पायरीवर एक म्हातारबुवा तंबाखू मळत बसले होते. त्यांना म्हटलं, बाबा, अकबराच्या वहीत तुमच्या लोहाऱ्याचं नाव यवतमाळच्या जोडीला आहे. त्यांनी चिमूट ओठांत ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जोडीले कायचं? यवतमाय त मांगून वाढलं. पयले आमीच होतो.” पुराव्यासाठी त्यांनी हाताने देऊळ दाखवलं. वाद घालायची माझी छाती झाली नाही.

पण त्या एका वाक्यात गुरुजींचं अर्धं उत्तर आहे. ‘पहिले’चं ‘पयले’ झालं. राहिलाचा ‘रायला’ होतो, महिन्याचा ‘मयना’. वऱ्हाडी जिभेला शब्दाच्या मधला ‘ह’ जड जातो, ती तो गिळते. महालातला ‘ह’ असाच गिळला गेला आणि ‘माल’ उरला. ‘येवतमाल’ला अर्थ लागेना, तेव्हा शिकलेल्या माणसाने ‘ल’चा ‘ळ’ केला. आजूबाजूला उंचवटा होताच, अर्थही आयता मिळाला. आणि गंमत पुढेच आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ टिकत नाही, डोळ्याचा ‘डोया’ होतो, शाळेची ‘शाया’. म्हणून म्हातारबुवांच्या तोंडी ‘यवतमाय’. अकबराच्या दफ्तरातला महाल लोहाऱ्याच्या पायरीवर येईपर्यंत माय झाला होता.

सरकारी शब्द लोकांच्या तोंडात असाच गुळगुळीत होतो, जगभर. इटलीत ओर्व्हिएतो नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे. लॅटिनमध्ये ‘उर्ब्स वेतुस’, म्हणजे जुनं शहर. घासून घासून त्याचं ओर्व्हिएतो झालं. आज तिथला दुकानदार स्वतःच्या गावाचं नाव घेताना ‘जुनं शहर’ म्हणतोय हे त्याच्या मनातही नसेल. (त्याच गावात २४८ पायऱ्यांची एक विहीर आहे. पाणी आणणारी खेचरं एका जिन्याने उतरायची आणि दुसऱ्याने चढायची, म्हणजे वाटेत टक्कर नाही. निळोणा आणि चापडोह या धरणांच्या हप्त्यात तिच्याकडे परत येईन. उंचावरच्या गावाला पाणी कसं छळतं, हे यवतमाळकराला सांगायला नको.)

आता जरा शेजारच्या कळंबकरांसाठी. चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की अकबराच्या काळी कळंब हे ‘सरकार’ होतं? म्हणजे जिल्ह्याचं ठाणं. यवतमाळ तेव्हा नुसता महाल. अबुल फजलाने कळंबला जुनं आणि मोठं शहर म्हटलंय, आणि तिथलं नाव घेण्याजोगं काय, तर म्हशी! देऊळ नाही, किल्ला नाही, म्हशी. लगेच पुढे चांद्याच्या गोंड राजाची फौज, वैरागडची हिऱ्याची खाण आणि रानहत्ती येतात, पण पहिला मान म्हशींचा. मला हा लेखक फार आवडतो. ज्याला महसूल गोळा करायचा आहे त्याला दुभतं जनावर आधी दिसणारच.

यवतमाळच्या नशिबात अजून एक थट्टा होती. १८६४ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचा आग्नेय भाग वेगळा काढून जिल्हा केला. कचेरी यवतमाळला, नाव मात्र वणी जिल्हा. साहेबाच्या लिहिण्यात ‘वून’. चाळीस वर्षं डेप्युटी कमिशनर इथे बसायचा आणि पाटी तिथली. १९०५ मध्ये पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला, तेव्हा कुठे जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. त्याआधीच्या, १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती १०,५४५. वणीचे लोक अजून कधी कधी ऐकवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

तर गुरुजी, महाल. उद्या वर्गात विचारलं तर ‘माळ’ लिहिणाऱ्या पोराला अर्धा मार्क द्या, कारण गाव माळावर आहे हे खोटं नाही. पण पूर्ण नको.

वाचकांकडे एक मागणं. देशमुख-देशपांड्यांच्या घरी परगण्याची जुनी दफ्तरं असतात, मोडीतली, कधी फारसी शिक्क्यांची. त्यांत कुठे ‘महाल येवत’ किंवा ‘यवत-लोहारे’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा. मूळ कागद टपालाने कृपा करून पाठवू नका. मागे एकांनी पाठवला होता, तो अजून वाटेतच आहे. शकुंतला पुढच्या रविवारी, यवतमाळ ते मूर्तिजापूर, पूर्ण ११३ किलोमीटर. डबा बरोबर घ्या.